भांडण चाळीतलं, नोटीस आरटीओची: मारामारीच्या केसमुळे लायसन जातं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे ज्यांच्या घरात असंच काही चालू असेल त्यांनाही उपयोग होईल. तुमचे मिस्टर अकरा वर्षं रिक्षा चालवतात, बॅज आहे, परमिट स्वतःच्या नावावर आहे. तीन महिन्यांपूर्वी चाळीत पाण्याच्या मोटरवरून भांडण झालं, शेजाऱ्याच्या हाताला रॉड लागला, पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१), म्हणजे घातक हत्याराने दुखापत, लावलं, जामीन झाला. लायसन मात्र पोलिसांनी तेव्हा काढून घेतलं ते अजून दिलेलं नाही. आणि आता आरटीओतून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली नोटीस आलीय की तुम्ही सराईत गुन्हेगार आहात, गुन्ह्यात रिक्षा वापरलीत, तर लायसन निलंबित का करू नये याचा सात दिवसांत खुलासा द्या. तुम्ही विचारताय की भांडणाचा आणि लायसनचा काय संबंध, आणि हे कायमचं जाणार का. शेवटी बहिणीच्या पोटगीबद्दलही विचारलंय, की अमेरिकेत मुलांचा खर्च थकवला तर लायसन जातं असं तिने ऐकलंय ते खरं का, त्यावर खाली बोलतो.

मी तेवीस वर्षं मॅजिस्ट्रेट कोर्टात क्रिमिनल केसेस करतोय आणि त्यातली बरीच वर्षं ड्रायव्हर लोकांच्या, म्हणजे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रकवाल्यांच्या. म्हणून आधी एकच गोष्ट सांगतो. नुसता एफआयआर झाला म्हणून लायसन जात नाही, पण नोटिशीला उत्तर दिलं नाही तर जातं. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत जी माणसं हरली त्यातली बहुतेक कायद्यात हरली नाहीत, नोटीस घरात पडून राहिली म्हणून हरली. तेव्हा सात दिवसांतले किती गेले ते आज बघा, बाकी सगळं नंतर.

आता कायदा काय म्हणतो ते. आपल्याकडे गाडी चालवण्याशी संबंध नसलेल्या गुन्ह्यासाठी लायसन घेता येतं का, तर हो, पण त्याला हद्द आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दोन वेगळ्या हातांत हा अधिकार दिलाय. एक आरटीओच्या, कलम १९, आणि दुसरा कोर्टाच्या, कलम २०. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि तिथेच घोळ होतो. कोर्टाला लायसनला हात लावायचा तर आधी आरोपी दोषी ठरावा लागतो, आणि तोही एकतर मोटार वाहन कायद्याखालच्या गुन्ह्यात किंवा असा गुन्हा जो करताना मोटार गाडी वापरली गेली. म्हणजे तुमच्या मिस्टरांना उद्या समजा ११८(१) खाली शिक्षा झाली (होईल असं म्हणत नाही), तरी त्या भांडणात रिक्षा वापरली हे सिद्ध झाल्याशिवाय कोर्ट त्यांचं लायसन घेऊ शकत नाही. आरटीओचं तसं नाही. कलम १९ मध्ये शिक्षा झालेलीच असावी अशी अट नाहीये, अधिकाऱ्याची 'खात्री पटली' एवढं पुरतं, पण ती खात्री पटायच्या आधी माणसाला म्हणणं मांडायची संधी दिलीच पाहिजे आणि ऑर्डरमध्ये कारणं लेखी दिलीच पाहिजेत. हे दोन 'च' तुमच्या बाजूचे आहेत ते लक्षात ठेवा.

कलम १९ मध्ये कारणांची यादीच आहे. सराईत गुन्हेगार किंवा सराईत दारुडा असणं, अमली पदार्थांचं व्यसन असणं, दखलपात्र गुन्हा करताना गाडी वापरणं, आधीच्या ड्रायव्हिंगवरून लोकांना धोका आहे असं दिसणं, फसवून लायसन काढणं, आणि केंद्र सरकारने नियमात ठरवलेली उपद्रवाची कृत्यं. ही शेवटची कृत्यं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २१ मध्ये आहेत, आणि मी प्रत्येक रिक्षा, टेम्पोवाल्याला सांगतो की तेवढा एक नियम कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यात गाडीची चोरी आहे, पॅसेंजरला मारहाण आहे, पॅसेंजरचं सामान चोरणं, पॅसेंजरला पळवून नेणं, कायद्याने बंदी असलेला माल वाहणं आहे, आणि त्याच यादीत पॅसेंजरशी उद्धट वागणं, जास्त भाडं मागणं, जवळचं भाडं नाकारणं हेही आहे. संपात किंवा निषेध म्हणून रस्त्यात गाड्या आडव्या लावून सोडून जाणं हे सुद्धा त्यात आहे, ते युनियनच्या पोरांना बहुतेक वेळा माहीतच नसतं.

तुमच्या नोटिशीत यातली दोनच कारणं घातलीयत, सराईत गुन्हेगार आणि गुन्ह्यात गाडीचा वापर. तर त्या दोनांवरच बोलू.

सराईत म्हणजे कोण याची व्याख्या मोटार वाहन कायद्यात कुठेच नाही. पोलीस मात्र तो शब्द सढळ हाताने लिहितात. तुम्ही लिहिलंय की त्यांच्यावर आधीचे दोन प्रकार आहेत, एक २०१६ ची केस ज्यात ते निर्दोष सुटले आणि एक २०२१ ची एनसी. बस, एवढंच असेल तर माझ्या मते 'सराईत' टिकायला नको. निर्दोष सुटलेली केस ही गुन्हेगारीचा पुरावा होऊ शकत नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटने परवानगी दिल्याशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत, तर ती नुसती डायरीतली नोंद आहे. आणि चालू केस अजून चालायची आहे. सुप्रीम कोर्टाने १९८४ साली विजय नारायण सिंग विरुद्ध बिहार राज्य या निकालात सवयीने गुन्हा करणं म्हणजे काय ते सांगितलंय, की परत परत, सातत्याने, एकाच धाग्यात ओवल्यासारखी तशीच कृत्यं हवीत, सुटी एखाददुसरी घटना पुरत नाही. तो निकाल स्थानबद्धतेच्या कायद्यावरचा आहे, लायसनवरचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो, पण शब्दाचा अर्थ सांगायला तो उपयोगी पडतो आणि मी तो लेखी खुलाशात घालतो. काही ठिकाणी पोलीस चॅप्टर केस जोडतात, म्हणजे शांतता राखीन म्हणून जे बाँड घेतात ते. तो प्रतिबंधक उपाय आहे, ती शिक्षा नव्हे, हेही तसंच लिहायचं.

आता दुसरं कारण, आणि खरी लढाई इथे आहे. गुन्ह्यात गाडी 'वापरली' म्हणजे काय? तुम्ही म्हणताय ते रिक्षा घेऊन घरी आले, खाली लावली, वर गेले आणि मग भांडण झालं. पोलिसांच्या पत्रात लिहिलं असेल "आरोपी रिक्षाने घटनास्थळी आला". माझ्या मते रिक्षाने येणं म्हणजे गुन्ह्यात रिक्षा वापरणं नव्हे. गाडी अंगावर घातली, गाडीतून माणूस पळवला, बाईकवरून मंगळसूत्र खेचलं, गाडीतून चोरीची वाळू नेली, इथे गाडी हा गुन्ह्याचा भाग आहे, गाडी काढली तर तो गुन्हा तसा घडलाच नसता. तुमच्या केसमध्ये रिक्षा काढून टाका, भांडण जसंच्या तसं राहतं, कारण माणूस राहतो तिथलंच ते भांडण आहे. हीच कसोटी मी सुनावणीत मांडतो आणि बऱ्याच अधिकाऱ्यांना ती लगेच पटते.

आणि यात एक गोष्ट बघा जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. घटनास्थळाचा पंचनामा काढा. जप्ती पंचनाम्यात काय काय आहे ते वाचा. रॉड जप्त केला असेल, कपडे असतील. रिक्षा जप्त आहे का? तुमच्या लिहिण्यावरून दिसतं की रिक्षा त्या रात्रीपासून तुमच्याकडेच आहे, दारातच उभी आहे. मग खुलाशात सरळ प्रश्न टाका की रिक्षा गुन्ह्यात वापरली होती तर पोलिसांनी ती मुद्देमाल म्हणून जप्त का नाही केली? एफआयआरमध्ये फिर्यादीने स्वतः रिक्षाचा शब्द काढलाय का? नसेल तर ती एफआयआरची प्रत अधोरेखित करून जोडा. या एका मुद्द्यावर मी नोटिसा परत घेतल्या गेलेल्या पाहिल्यात.

मी हे इतकं जीव तोडून का सांगतोय तर एका टेम्पोवाल्याची फाईल अजून माझ्या कपाटात आहे. गावच्या जत्रेतल्या मारामारीत त्याचं नाव आलं, टेम्पोने पाच-सहा पोरं जत्रेला आली होती एवढाच गाडीचा संबंध. आरटीओची नोटीस लायसनवरच्या पत्त्यावर गेली, म्हणजे गावाला, आणि हा राहायचा शहरात भाड्याने. आईला वाचता येत नव्हतं, सरकारी पाकीट आहे, महत्त्वाचं असेल म्हणून तिने ते देव्हाऱ्यात देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं, पोरगा दिवाळीला येईल तेव्हा देऊ म्हणून. दिवाळीच्या आत एकतर्फी ऑर्डर निघाली. ती ऑर्डर मी वाचली, मुद्द्याची ओळ एकच होती, "सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल असल्याने त्याचे लायसन्स एक वर्षासाठी निलंबित करण्यात येत आहे". कारण म्हणून एवढंच. गाडी कशी वापरली, किती गुन्हे, काही नाही. त्याला हे कधी कळलं, तर तो लायसन रिन्यू करायला काउंटरवर गेला तेव्हा. कॉम्प्युटरवर नाव टाकलं आणि कारकून म्हणाला तुमचं लायसन बंद आहे. आम्ही अपील केलं, ऑर्डर रद्द होऊन नव्याने सुनावणी झाली, शेवटी नोटीसच मागे घेतली गेली. पण त्यात पाच महिने गेले आणि तोवर हप्ते थकून फायनान्सवाल्याने टेम्पो उचलून नेला होता. कायद्याने जिंकला आणि गाडी गेली. म्हणून लायसनवरचा पत्ता बदलून घ्या, राहता तोच ठेवा, हे मी आता प्रत्येकाला पहिल्या भेटीत सांगतो.

तर तुम्ही आता काय करायचं. खुलासा साध्या मराठीत लिहा, दोन प्रती काढा, एक आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्यात पहिली मागणी ही की पोलिसांच्या ज्या पत्रावरून नोटीस काढली त्या पत्राची प्रत द्या, कारण माझ्यावर काय आरोप आहे तेच माहीत नसेल तर मी उत्तर कशाचं देऊ. दुसरी मागणी प्रत्यक्ष सुनावणीची, वकिलासह. मग वरचे दोन मुद्दे. जोडायचे कागद म्हणजे एफआयआर, पंचनामा, जामिनाची ऑर्डर, २०१६ च्या निर्दोष निकालाची सर्टिफाईड कॉपी (झेरॉक्स नको, ती काढायला अर्ज आजच करा, रेकॉर्ड रूममधून यायला वेळ लागतो), बॅज, परमिट, रिक्षाच्या कर्जाचा हप्ता चालू असेल तर बँकेचं स्टेटमेंट. अकरा वर्षांत पॅसेंजरची एकही तक्रार नसेल तर ते ठळकपणे लिहा, हा खरा महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण लायसन देणाऱ्या अधिकाऱ्याने बघायचंय ते हा माणूस रस्त्यावर आणि पॅसेंजरला धोका आहे का हे.

एक फार महत्त्वाची सूचना, हात जोडून सांगतो. खुलाशात भांडण कसं झालं ते लिहू नका. "रागाच्या भरात हातून लागलं, माफी असावी" असं भाबडेपणाने लिहून देणारी माणसं मी पाहिलीत, कोणीतरी एजंट बाहेर टायपिंगच्या टेबलावर लिहून देतो आणि हे सही करतात. तो सरकारी ऑफिसात दिलेला सहीचा कागद आहे, उद्या फौजदारी केसमध्ये सरकारी वकील तो काढून दाखवू शकतो. तुम्ही एवढंच लिहा की आरोप मान्य नाही, केस न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे त्या घटनेबद्दल इथे बोलत नाही. एजंटला दोन-तीन हजार देऊन "आतून मिटवतो" या नादाला तर मुळीच लागू नका.

शेवटी पर्यायी विनंती पण घाला, त्यात कमीपणा नाही. केसचा निकाल लागेपर्यंत कार्यवाही थांबवा, आणि अधिकाऱ्याला काही करायचंच असेल तर कमीत कमी काळासाठी करा. कारण कलम १९ मध्ये किती महिने याला वरची मर्यादाच दिलेली नाही, 'ठराविक काळ' एवढंच आहे, त्यामुळे सहा महिने की दोन वर्षं हे सुनावणीत तुम्ही काय मांडता त्यावर जातं. शिवाय सगळ्या प्रकारच्या गाड्यांसाठी किंवा काही प्रकारांसाठीच अपात्र ठरवायची सोय कायद्यात आहे. म्हणजे वाईटात वाईट झालं तरी टू-व्हीलरचं लायसन चालू ठेवा अशी मागणी करता येते, ती कोणी करतच नाही. कायमचं जाणार का हा तुमचा प्रश्न होता, तर कलमात दोन्ही आहे, ठराविक काळ अपात्र ठरवणं आणि लायसनच रद्द करणं, पण पहिल्याच नोटिशीला, अशा केसमध्ये, रद्द झालेलं मी स्वतः पाहिलेलं नाही. अपात्र ठरवलं तर मुदत संपल्यावर लायसन परत मिळतं, २०१९ च्या दुरुस्तीने त्याआधी ड्रायव्हर ट्रेनिंगचा उजळणी कोर्स पूर्ण करायची अट घातलीय.

ऑर्डर विरोधात गेलीच तर हातात पडल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील. कोणाकडे करायचं ते ऑर्डरखाली लिहिलेलं नसेल तर तिथेच लेखी विचारा. पाकीट फेकू नका, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा असतो. अपिलातही नाही झालं तर हायकोर्टात रिट, तिथे कारणं न देता, न ऐकता काढलेली ऑर्डर टिकणं अवघड असतं, आणि रोजीरोटीचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, आपल्या मुंबईच्याच फुटपाथवर राहणाऱ्यांच्या केसमध्ये, सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं आहे. पण तिथवर जायची वेळ येऊ नये म्हणून आत्ताच नीट करा.

पोलिसांकडे अडकलेल्या लायसनचं वेगळं आहे. पोलिसांना लायसन निलंबित करायचा अधिकारच नाही. ते जप्त कधी करू शकतात ते कलम २०६ मध्ये आहे, कागद खोटा वाटला, किंवा मोटार वाहन कायद्याखालच्या गुन्ह्यातला ड्रायव्हर पळून जाईल असं वाटलं, किंवा दारू पिऊन चालवणं, बेदरकार चालवणं अशा गुन्ह्यांत. चाळीतल्या मारामारीत हे बसत नाही. आणि त्या कलमाखाली घेतलं तर तात्पुरती पावती द्यावी लागते, त्या पावतीवर गाडी चालवता येते. तुम्हाला पावती दिलेली नाही, तेव्हा अंगझडतीत घेतलेल्या वस्तूंच्या यादीत लायसन आहे का बघा आणि मॅजिस्ट्रेटकडे ते परत मिळायचा अर्ज टाका. साधा अर्ज आहे, तुमच्या जामिनाच्या वकिलालाच सांगा. तोपर्यंत डिजिलॉकरमधलं लायसन कायद्याने चालतं.

पण समजा निलंबनाची ऑर्डर निघालीच, तर त्या दिवसापासून गाडीला हात नाही. कार्ड खिशात आहे, डिजिलॉकर दाखवता येईल, कोण बघतंय, हा विचार करू नका. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठं संकट म्हणजे त्या काळात अपघात झाला तर ड्रायव्हर अपात्र होता हा बचाव इन्शुरन्स कंपनीला मिळतो, आणि मग नुकसानभरपाईची रक्कम रिक्षामालकाच्या, म्हणजे तुमच्याच घरावर येते. रिक्षा मात्र उभी ठेवायची गरज नाही. परमिट ही वेगळी गोष्ट आहे, लायसन निलंबित झालं म्हणून ते आपोआप जात नाही. बॅज असलेला दुसरा ड्रायव्हर शिफ्टवर ठेवा, रोजचे थोडे पैसे तरी येतील.

आता एवढं सगळं ड्रायव्हरच्या बाजूने बोललो म्हणून कोणी असं समजू नये की मी या कलमाच्याच विरोधात आहे. मी दुसऱ्या बाजूनेही उभा राहिलोय. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या एका नर्सला रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने नेलं, थांब म्हटलं तर थांबेना, शेवटी सिग्नलला तिने उडी मारली आणि गुडघे फोडून घेतले. पोलिसांत तक्रार झालीच, पण मी तिच्याकडून नियम २१ चा आधार घेऊन आरटीओकडेही अर्ज करवला, सुनावणीला तिच्याबरोबर गेलो, आणि त्याचं लायसन गेलं तेव्हा मला समाधानच वाटलं. केस चालायला चार वर्षं लागतात, तोवर तो माणूस रोज रात्री दुसऱ्या कोणाला तरी रिक्षात बसवणार होता. कलम १९ आहे ते यासाठी. पॅसेंजर बायकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हा रस्ता लक्षात ठेवावा, नंबर आणि वेळ लिहून ठेवली तरी पुरते.

कोकणातल्या पोरांसाठीही दोन ओळी, कारण दर सीझनला असे फोन येतात. गोव्याहून स्वस्त दारू गाडीत घालून बांद्याच्या पुढे आलात तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याची केस होते, गाडी जप्त होते, आणि वर गाडी गुन्ह्यात वापरली हे तिथे निर्विवाद असतं. गुटख्याच्या मालाचं तेच, वाळूचं तेच. "मी फक्त ड्रायव्हर, माल मालकाचा" हे खरं असतं बऱ्याचदा, पण कलम १९ लायसन ज्याच्या हातात आहे त्यालाच धरतं, मालकाला नाही. मालक दुसरा ड्रायव्हर बघतो आणि हा घरी बसतो. माल काय आहे न बघता ताडपत्री बांधू नका.

आता तुमच्या बहिणीचं. तिने ऐकलंय ते खरं आहे, अमेरिकेत मुलांचा खर्च थकवला तर बापाचं ड्रायव्हिंग लायसन निलंबित होऊ शकतं. १९९६ च्या फेडरल कायद्याने तिथल्या राज्यांना अशी तरतूद ठेवणं भागच पाडलंय, किती थकबाकीवर आणि कशी नोटीस ते प्रत्येक राज्याचं वेगळं. पण त्यासाठी तिथल्या कोर्टाचा किंवा तिथे रीतसर नोंदवलेला आदेश लागतो, इथल्या फॅमिली कोर्टाची ऑर्डर नुसती कुरिअर करून काही होत नाही, त्या राज्यातलाच वकील गाठावा लागेल. इंग्लंडमध्ये तर कुठल्याही गुन्ह्यासाठी, गाडीचा संबंध नसला तरी, कोर्ट लायसन काढून घेऊ शकतं, जर्मनीने २०१७ मध्ये तसंच केलं, सहा महिन्यांपर्यंत. आपल्याकडे पोटगीसाठी असं काही नाही. इथे थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट निघतं, मालमत्तेवर टाच येते, शेवटी जेल होते, लायसनला कोणी हात लावत नाही. आणि माझं मत विचाराल तर ते लागू करूही नये. ज्याच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे त्याला लायसन गेल्याने काडीचा फरक पडत नाही, आणि जो टॅक्सी चालवूनच पोटगीचे पैसे उभे करतो त्याचं लायसन घेतलं तर बायको-पोरांना मिळणारे पैसेच बंद होतात. मी अशी जोडपी रोज बघतो. अमेरिकेतही दंड भरला नाही म्हणून लायसन घ्यायची पद्धत गेल्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांनी याच कारणाने सोडून दिलीय, कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये, व्हर्जिनियाने २०२० मध्ये.

ताई, उद्या सकाळी पहिल्यांदा कोर्टाच्या कॉपिंग सेक्शनला २०१६ च्या निकालासाठी अर्ज टाका, तिथून तसंच आरटीओत जाऊन खुलासा द्या. निकालाची कॉपी सात दिवसांत हातात आली नाही तरी थांबू नका, अर्जाची पावती खुलाशाला जोडा आणि "प्रत मिळताच सादर करतो" असं लिहा. सुनावणीच्या दिवशी मिस्टरांना स्वतः जायला सांगा, युनिफॉर्म घालून, बॅज लावून.